ऑटिस्टिक मुलांच्या चिडचिडीवरची औषधं आणि त्यांच्या ट्रायल: फार्मसीच्या काउंटरवर परत परत विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीला माझी फार्मसी आहे आणि माझ्या ताईचा मुलगा, आमचा सोनू, ऑटिस्टिक आहे, आता अकरा वर्षांचा. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे ओळखीतले, ओळखीच्या ओळखीतले, कोण साखळीहून कोण फोंड्याहून, चिठ्ठी घेऊन येतात आणि गोळ्या पिशवीत भरेपर्यंत हळूच विचारतात, "काय हो, हे खरंच चालतं का?" मी डॉक्टर नाही. कोणाला गोळी द्यायची, किती द्यायची, हे मी सांगत नाही आणि चिठ्ठीशिवाय ही औषधं देतही नाही. पण ट्रायलचा, म्हणजे औषध मुलांना देऊन केलेल्या चाचणीचा, पेपर कसा वाचायचा, कुठल्या आकड्यावर बोट ठेवायचं, हे सोनूसाठी म्हणून बसून शिकलो. तेच इथे लिहितोय.

ट्रायलमधे "चिडचिड" म्हणजे नेमकं काय मोजतात? आमचा तर नुसता चिडत नाही, डोकं आपटतो.

तेच मोजतात. आपण चिडचिड म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर किरकिर येते, पण या ट्रायलमधे त्या शब्दात अंगावर धावून जाणं, स्वतःला चावणं-मारणं, आरडाओरडा, वस्तू आपटणं, मागितलेली वस्तू त्या क्षणी मिळाली नाही की थयथयाट, क्षणात मूड फिरणं, सगळं येतं. मोजायची पट्टी जवळपास सगळीकडे एकच, अ‍ॅबरंट बिहेवियर चेकलिस्ट, सगळे एबीसी म्हणतात. १९८५ ची आहे. एकूण ५८ प्रश्न, त्यातले १५ चिडचिडीचे, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त ४५. मोठ्या ट्रायलमधे घ्यायचं तर मुलाचे निदान १८ मार्क असावे लागतात, म्हणजे तिथे आलेली मुलं बऱ्यापैकी त्रासातली होती, "थोडा हट्टी आहे" वाली नव्हती.

आता महत्त्वाची गोष्ट, हे मार्क देतं कोण? आई-बाप. रक्त काढून मशीनमधे घातलं आणि आकडा आला असं नाही. मागच्या काही दिवसांत पोर कसं वागलं हे घरच्यांनी आठवून भरायचं. ही पट्टी वाईट नाही, घरच्यांपेक्षा जास्त कोणाला कळणार, पण घरच्या माणसाला आशा असते आणि आशा मार्कांत उतरते. पुढचे अर्धे प्रश्न यातूनच निघतात.

आणि हो, ही औषधं ऑटिझमवरची नाहीत. बोलणं येणं, नजर देणं, मित्र करणं, हे या पट्टीत नाहीच. "औषध चालू केलं पण बोलत नाही अजून" असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण ते कोणी कबूलच केलेलं नव्हतं, फक्त त्यांना ते कोणी सांगितलं नाही.

कुठल्या औषधांच्या चांगल्या ट्रायल झाल्यात?

मुख्य दोनच. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी पहिल्याला २००६ मधे आणि दुसऱ्याला २००९ मधे मान्यता दिली. बाकी व्हॅल्प्रोएट (फिटवरचं औषध) वगैरेच्या ट्रायल छोट्या आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत. एका ३० जणांच्या ट्रायलमधे काही फरक नाही, दुसऱ्या २७ जणांच्या ट्रायलमधे चांगला फरक. इतक्या कमी मुलांत दोन-चार मुलं इकडची तिकडे गेली तरी निकाल उलटतो.

रिस्पेरिडोनच्या ट्रायलमधे निघालं काय?

जी सगळे सांगतात ती २००२ ची. अमेरिकेत झाली, १०१ मुलं, वय ५ ते १७, सरासरी पावणेनऊच्या आसपास. ४९ जणांना औषध, ५२ जणांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. आठ आठवडे. औषधवाल्यांचे चिडचिडीचे मार्क सरासरी २६.२ वरून ११.३ वर आले, प्लासिबोवाल्यांचे २५.५ वरून २१.९ वर. म्हणजे ५७ टक्के कमी आणि १४ टक्के कमी. "चांगला फरक पडला" या व्याख्येत (मार्क किमान २५ टक्के कमी आणि शिवाय तपासणाऱ्या डॉक्टरचंही मत बरंच सुधारलं) बसले औषधाचे ६९ टक्के, प्लासिबोचे १२ टक्के.

मी दुकानात बसून बऱ्याच औषधांचे पेपर चाळलेत, मुलांच्या वागणुकीच्या औषधात एवढी मोठी दरी क्वचित दिसते. तेव्हा "ही औषधं सगळी थापच आहे" असं जे कोण म्हणतात त्यांच्याशी माझं जमत नाही. पण सगळ्यांनाच द्या असं म्हणणाऱ्यांशीही नाही जमत, ते पुढे येतंच.

पण प्लासिबोवर मुलं सुधारतातच कशी? पोराला काय कळतं गोळी खरी की खोटी?

हा माझा आवडता प्रश्न, जरा लांबवतो.

पोराला कळायची गरज नाही. समजा चवथ, म्हणजे गणपती, आली. घर पाहुण्यांनी भरलं, माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायची गडबड, संध्याकाळी घुमट आरती, बाहेर फटाके, जेवायची झोपायची वेळ सगळी उलटीपालटी. पोर बिथरलं, रात्र रात्र झोपेना, आजीला बोचकारलं. मग आई थकून डॉक्टरकडे जाते, कारण माणूस जातोच तेव्हा, सगळ्यात वाईट आठवड्यात जातो, बरा चाललेल्या आठवड्यात कोण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जाऊन रांगेत बसतो? गोळी चालू झाली. तोपर्यंत विसर्जन झालं, पाहुणे गेले, शाळा सुरू झाली, घर शांत. पंधरा दिवसांनी पोर शांत. गोळीने झालं की चवथ संपली म्हणून झालं? सांगता येत नाही. खरी गोळी असती तरी शांत झालं असतं, पिठाची असती तरी झालं असतं.

याशिवाय ट्रायलमधे दर आठवड्याला कोणीतरी प्रेमाने विचारपूस करतं, आईला वाटतं आता आपण एकट्या नाही, ती थोडी सैल होते, ती सैल झाली की पोरही होतं. आणि मार्क भरताना आशा असतेच. आणखी एक, थोडं वाईट वाटेल असं: ट्रायलमधे घ्यायला १८ मार्क लागतात हे भरून घेणाऱ्याला माहीत असतं, म्हणून सुरुवातीचे मार्क नकळत थोडे चढे पडतात, पुढे आपोआप उतरतात.

म्हणून "औषधाने अमुक टक्के सुधारणा" हा आकडा एकटा कधीच बघायचा नाही. प्लासिबोवाल्यांचे किती, ते आधी. अ‍ॅरिपिप्राझोलच्या २००९ मधे दोन ट्रायल छापून आल्या, दोन्ही आठ आठवड्यांच्या. एकीत ९८ मुलं, प्लासिबोवाल्यांचे मार्क ५ ने उतरले. दुसरीत २१८ मुलं, तिथे प्लासिबोवाल्यांचे ८.४ ने. औषध तेच, पट्टी तीच, पण खोट्या गोळीची ताकद एवढी बदलली. आणि औषधवाल्यांचे दोन्हीकडे साधारण १२ ते १४ ने उतरले. आता सांगा, नुसतं "१३ मार्क कमी" ऐकून काय कळणार?

आम्हाला घरात फरक दिसतोय ना, मग ट्रायल कशाला?

सेक्रेटिनची गोष्ट सांगतो. हे स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी वापरायचं हार्मोन. १९९८ मधे तीन मुलांची हकीकत छापून आली की तपासणीसाठी हे दिलं आणि पोरं एकदम बोलायला नजर द्यायला लागली. टीव्हीवर आलं, अमेरिकेत आई-बापांची झुंबड. १९९९ मधे ६० मुलांवर नीट ट्रायल झाली, अर्ध्यांना सेक्रेटिनचं एक इंजेक्शन, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच. फरक शून्य. पण मला चटका लावून गेली ती पुढची गोष्ट: निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला अजून हे हवंच आहे.

मी हसत नाही त्यांना. ताई पण तशीच आहे आणि तिच्या जागी मी असतो तर मीही. पण आपल्याला दिसणारा फरक खरा असला तरी त्याचं कारण आपण लावलेलं असतं तेच असेल असं नाही.

डबल ब्लाइंड म्हणजे कोणालाच माहीत नाही ना? मग फसवणुकीला जागाच कुठे?

फसवणूक नाही, पण गळती असते. कुठल्या पोराला खरी गोळी आणि कुठल्याला प्लासिबो, हे डॉक्टरला माहीत नाही, पालकांना माहीत नाही, हे कागदावर बरोबर. आता रिस्पेरिडोनवरचं पोर तिसऱ्या दिवसापासून दुपारी पेंगायला लागलं, तिसऱ्या आठवड्यात भाताचं ताट दुसऱ्यांदा मागायला लागलं. आईला कळत नाही होय? तिला कळलं की ही खरी गोळी आहे, आणि तिथून पुढचे मार्क तिच्या मनातल्या त्या अंदाजावर थोडे झुकतात. याला कोणाचा इलाज नाही. पेपर वाचताना एवढं बघायचं की मार्क भरणारा आणि साइड इफेक्ट विचारणारा माणूस वेगळा ठेवलाय का, आणि शेवटी पालकांना "तुम्हाला काय वाटतं, कुठली गोळी होती" हे विचारलंय का. विचारलेलं असेल तर त्या टीमवर माझा विश्वास वाढतो.

आणि झोप आली म्हणून शांत आणि खरंच मन शांत, यात फरक आहे. पट्टीवर दोन्ही सारखंच दिसतं, घरात दिसत नाही. शांत झालेलं पोर खेळतंय का की नुसतं सोफ्यावर पडून आहे, हे मी प्रत्येकाला विचारतो.

एमआर म्हणतो ६० टक्के रिझल्ट. ६० टक्के म्हणजे काय पण?

एमआरचा, म्हणजे औषध कंपनीच्या माणसाचा, चकचकीत कागद माझ्याकडेही येतो. त्यावर मोठ्या टाइपात एक टक्केवारी असते आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात बाकी सगळं. तीन गोष्टी विचारायच्या. कशाचे टक्के, म्हणजे मार्क ६० टक्के उतरले की १०० पैकी ६० मुलं सुधारली? दोन्ही वेगळ्या गोष्टी. सुधारली म्हणजे कुठल्या व्याख्येने? आणि प्लासिबोचे किती?

मग एक साधी वजाबाकी. २००२ च्या ट्रायलमधे ६९ वजा १२ म्हणजे ५७. म्हणजे १०० मुलांना औषध दिलं तर ५७ जणांना औषधामुळे जास्तीचा फायदा, दर दोघांत साधारण एकाला. अ‍ॅरिपिप्राझोलच्या ९८ मुलांच्या ट्रायलमधे ५२ वजा १४, ३८, म्हणजे तिघांत एकाला. २१८ वाल्या ट्रायलमधे ५ मिलिग्रॅमच्या डोसला ५६ वजा ३५, २१, म्हणजे पाचांत एकाला. ही वजाबाकी पाठ करून ठेवा, भाजीवालीकडे करता तेवढीच सोपी आहे.

त्याच २१८ च्या ट्रायलमधे आणखी एक बघण्यासारखं. डोस ५, १०, १५ असे वेगवेगळ्या मुलांना ठरवून दिले. मार्क उतरले १२.४, १३.२, १४.४. डोस तिप्पट केला आणि मार्क दोनने जास्त उतरले. मग "फरक कमी वाटतोय, डोस वाढवा हो डॉक्टर" म्हणायच्या आधी हे आठवावं.

मग रिस्पेरिडोन भारी, अ‍ॅरिपिप्राझोल हलकं, असंच ना?

नाही. वेगळ्या ट्रायलचे आकडे शेजारी ठेवून असं म्हणता येत नाही, मुलं वेगळी, साल वेगळं, प्लासिबोची ताकद वेगळी हे वर बघितलंच. समोरासमोर ठेवून केलेल्या ट्रायल छोट्या आहेत. इराणमधे ५९ मुलांवर दोन महिने झाली, चिडचिडीत दोघांत फरक निघाला नाही, पण ५९ मुलांत बारीक फरक सापडणारही नाही.

साइड इफेक्ट किती खरे, किती घाबरवायचे?

खरे आहेत. २००२ च्या ट्रायलमधे आठ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी २.७ किलोने वाढलं, प्लासिबोवाल्यांचं ०.८ ने. २६ किलोच्या पोराला २.७ किलो म्हणजे अंगाचा दहावा हिस्सा, दोन महिन्यांत! पेंगणं ४९ टक्क्यांत, प्लासिबोवर १२. लाळ गळणं २७ टक्क्यांत, प्लासिबोवर ६. अ‍ॅरिपिप्राझोलच्या त्या ९८ च्या ट्रायलमधे वजन २ किलो वाढलं, प्लासिबोवर ०.८, म्हणजे "त्याने वजन वाढत नाही" हे ऐकीव आहे, तिथेही वाढतं.

रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन चढतं, मुलग्यांतही छातीला सूज येऊ शकते, लाजून लपवू नका, डॉक्टरला सांगा. वर्षानुवर्षं चालवल्यावर तोंडाच्या जिभेच्या नको त्या हालचाली सुरू होऊ शकतात, ते आठ आठवड्यांच्या ट्रायलमधे दिसायचंच नाही. कमी मुलं आणि कमी दिवस असले की क्वचित होणारा त्रास ट्रायलच्या जाळ्यातून निसटतो, जसं मोठ्या भोकाच्या जाळ्यातून वेरलीसारखी बारीक मासळी निसटते.

आमच्या घरी चुकलं ते इथेच. सोनूला गोळी चालू झाली तेव्हा कोणी वजन लिहून ठेवायला सांगितलं नाही आणि मी स्वतः फार्मासिस्ट असून मलाही सुचलं नाही. चार महिन्यांनी शाळेची पँट बसेना तेव्हा कळलं. दुकानात वजनाचा काटा होता हो माझ्या, रोज त्याला पाय लागत होता माझा. आता मी पहिल्या चिठ्ठीलाच सांगतो: आज वजन, उंची, कमरेचा घेर लिहा, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल डॉक्टरना विचारून करून घ्या, मग दर महिन्याला वजन.

आठ आठवड्यांची ट्रायल आणि आमचं पोर तीन वर्षं खातंय. हे कसं?

बरोबर पकडलंत. यासाठी वेगळ्या ट्रायल असतात: औषधाने बरं चाललेल्या मुलांतून अर्ध्यांचं औषध गुपचूप प्लासिबोवर आणायचं आणि कोण परत बिघडतं ते बघायचं. रिस्पेरिडोनची २००५ मधे आली. चार महिने औषधावर बरी राहिलेली ३२ मुलं, १६ जणांचं चालू ठेवलं, १६ जणांचं हळूहळू प्लासिबोवर आणलं. चालू असलेल्यांत २ बिघडले, प्लासिबोवर १०.

अ‍ॅरिपिप्राझोलची २०१४ ची, ८५ मुलं, १६ आठवडे. चालू ठेवलेल्यांत ३५ टक्के बिघडले, प्लासिबोवर ५२.

बहुतेक लोक यातून "औषध बंद करू नका" एवढंच वाचतात. मी उलटीकडूनही वाचतो. रिस्पेरिडोन काढूनही १६ पैकी ६ बरे राहिले. अ‍ॅरिपिप्राझोल काढूनही जवळपास निम्मे. म्हणजे काही मुलांना ते काही महिन्यांनी लागतच नसतं आणि ती वर्षानुवर्षं वजन वाढवत खात बसतात, कारण विचारलं कोणीच नाही.

त्या २०१४ च्या ट्रायलला "सिग्निफिकंट नाही" लिहिलंय. मग फरक नाहीच ना?

इथे सगळे घसरतात, शिकलेलेही. तिथे पी व्हॅल्यू ०.०९७ आली, ठरवलेली रेषा ०.०५, त्याखाली आली तरच "सिग्निफिकंट" म्हणायचं. पी व्हॅल्यू म्हणजे, औषधात काही दम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता. ०.०९७ म्हणजे शंभरात दहाएक वेळा. म्हणजे पुरावा कच्चा आहे, "फरक नाही हे सिद्ध झालं" असं नाही. उलट खूप मोठ्या ट्रायलमधे अर्ध्या मार्काचा फरकसुद्धा सिग्निफिकंट येतो आणि घरात कोणाला तो दिसतही नाही. तेव्हा आधी फरक किती मोठा ते बघा, पी नंतर.

त्या मुलांत आमच्यासारखी मुलं होती का?

२००२ च्या ट्रायलमधे ८२ मुलगे आणि १९ मुली. म्हणजे मुलीची आई विचारायला आली तर मी स्पष्ट सांगतो, आकडे आहेत पण तुमच्या बाजूचे थोडे आहेत. फिटवाली मुलं, दुसरी औषधं चालू असलेली मुलं बहुतेक ट्रायलमधून आधीच गाळलेली असतात, आणि आपल्याकडे काउंटरला येणाऱ्यात तीच किती!

आपल्या देशातली म्हणायची तर चंदिगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलची २००६ ची, ४० मुलं, नऊ वर्षांपर्यंतची, रोज १ मिलिग्रॅम रिस्पेरिडोन किंवा प्लासिबो, सहा महिने. औषधावरच्या १९ पैकी १२ जणांचा ऑटिझमच्या पट्टीवरचा स्कोअर किमान २० टक्के सुधारला, प्लासिबोवरच्या २० पैकी एकाचाही नाही. ट्रायल छोटी आहे पण सहा महिन्यांची आहे, त्याची मला किंमत वाटते. पट्टी मात्र वेगळी, म्हणून अमेरिकेच्या आकड्यांशी थेट जोडू नका.

पैसे कंपनीने दिले असतील तर ट्रायल खोटी?

खोटी नाही, पण चष्मा लावून वाचायची. २००२ ची अमेरिकन सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या पैशाने झाली, अ‍ॅरिपिप्राझोलच्या २००९ च्या दोन्ही ते विकणाऱ्या कंपन्यांच्या. आकडे बनावट असतात असं नाही, पण काय मोजायचं, किती दिवस मोजायचं, हे निवडण्यात बराच खेळ असतो. म्हणून सुरुवातीला काय मोजणार म्हणून नोंदवलं होतं आणि शेवटी काय छापलं, हे जुळवून बघायचं. भारतातल्या ट्रायलसाठी सीटीआरआय ही नोंदवही २००७ पासून आहे, जून २००९ पासून नोंदणी सक्तीची. कोणालाही फुकट बघता येते. आधी "चिडचिड" नोंदवलं आणि छापताना "झोप सुधारली" हेच मोठं केलं, तर समजा चिडचिडीत काही हाताला लागलं नसणार.

आमच्या मुलाला ट्रायलमधे घ्यायचं विचारतायत. घालायचं का?

घाला किंवा नका घालू, ते तुमचं. पण विचारायचं ते विचारा. सीटीआरआय नंबर काय? एथिक्स कमिटीची (ट्रायल माणसांवर करायला योग्य आहे का ते तपासणारी समिती) परवानगी दाखवा. प्लासिबो मिळायची शक्यता किती, तोपर्यंत आत्ताची गोळी बंद करावी लागेल का? त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, २०१९ च्या नियमांत ते लिहिलेलं आहे, तुम्हीही लिहून घ्या. मधेच सोडायची मोकळीक आहे आणि सोडलं म्हणून नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. मूल सात वर्षांच्या वर असेल तर त्याला समजेल तसं सांगून त्याचीही संमती घ्यायची असते. बोलता येत नसेल तर चित्रांनी, खुणांनी, पण त्याला विचारायचं.

आणि पैसे मागितले तर उठून या. ट्रायल म्हणतात आणि दोन-तीन लाख मागतात, ती ट्रायल नव्हे, दुकान आहे. स्टेम सेलवाले मुख्यतः हेच करतात, नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डाने २०२२ मधे सांगितलंय की ऑटिझमसाठी ते उपचार म्हणून देऊ नये.

सप्लिमेंट? एनएसी म्हणे चिडचिडीवर चालतं.

एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. २०१२ ची ३३ मुलांची, १२ आठवड्यांची ट्रायल आहे, चिडचिडीत फरक दिसला. ३३ मुलं. बाटलीवर "क्लिनिकली प्रूव्हन" छापायला तेवढं पुरतं, मला पुरत नाही. शिवाय बाटलीतला डोस आणि ट्रायलमधला डोस एक आहे का बघा, बहुतेक वेळा नसतो.

औषधाशिवाय काही नाही का?

आहे, आणि त्याच्याही ट्रायल आहेत, फक्त त्यांचा एमआर नसतो.

२०१५ मधे अमेरिकेत १८० मुलं, ३ ते ७ वर्षांची. अर्ध्या पालकांना वागणूक कशी हाताळायची याचं ट्रेनिंग दिलं, म्हणजे आदळआपट कशामुळे सुरू होते, नंतर आपण काय करतो, कुठे नकळत बक्षीस देतो. बाकी अर्ध्यांना ऑटिझमची नुसती माहिती. २४ आठवड्यांनी ट्रेनिंगवाल्यांचे चिडचिडीचे मार्क ४७.७ टक्के उतरले, माहितीवाल्यांचे ३१.८. नुसती माहिती देऊन, कोणीतरी शांत बसून समजावून, तिसरा हिस्सा उतरला!

गोव्याचं नाव या विषयात जगभर निघतं ते वेगळ्याच कामासाठी. आपल्याकडच्या संगाथ या संस्थेने पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या टीमबरोबर मिळून ६५ मुलांवर एक ट्रायल केली, २०१६ मधे छापून आली. तज्ज्ञ नव्हे तर शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढून पालकांना दाखवायचे, कुठे पोराने हाक दिली आणि तुमचं लक्ष नव्हतं ते. पालकांचं मुलाच्या कलाने प्रतिसाद देणं वाढलं, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणं वाढलं. ती चिडचिडीची ट्रायल नव्हती, तसं म्हणून कोणी विकलं तर ऐकू नका, पण जे पोर सांगू शकतं ते कमी आपटतं, हे मी सोनूत बघितलंय.

आणि सगळ्याच्या आधी, दुखतंय का बघा. सोनू एका जूनमधे इतका बिथरला की डोस वाढवायची चिठ्ठी हातात आली होती. निघाली किडलेली दाढ. दाढ, कान, बद्धकोष्ठ, झोप, फिट, पोर सांगू शकत नाही म्हणून नसतं असं नाही.

घरी आम्ही स्वतः कसं बघायचं चालतंय की नाही?

गोळीच्या आधी दोन आठवडे वहीत लिहा. दोनच गोष्टी निवडा, मोजता येतील अशा, "दिवसात किती वेळा स्वतःला मारलं" आणि "सगळ्यात लांब आरडाओरडा किती मिनिटं". "आज बरा होता" असलं लिहू नका, त्यातून काही निघत नाही. शाळेतल्या बाईंनाही तीच वही द्या, जमलं तर गोळी नक्की कधी चालू केली ते न सांगता. सुरुवात चवथीत नको, दिवाळीच्या, नरकासुराच्या रात्रीच्या आठवड्यात तर मुळीच नको, त्या रात्रीच्या डीजेने माझंच डोकं आपटावंसं वाटतं. आणि एका वेळी एकच बदल. गोळीही चालू, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव-पोळे बंद, दूध बंद, नवा थेरपिस्ट, सगळं एकाच सोमवारी केलं तर कशाने काय झालं ते पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

मग बंद कधी करायचं?

आपल्या मनाने कधीच नाही, एकदम तर नाहीच. पण सहाएक महिने बरं चाललं की डॉक्टरना विचारायचं, "कमी करून बघूया का?" बरेच डॉक्टर तयार असतात, त्यांना वाटतं पालकच घाबरतायत, आणि पालकांना वाटतं डॉक्टर बोलले नाहीत म्हणजे चालूच ठेवायचं असेल. सोनूचं आम्ही जानेवारीत सुरू केलं, सण नाहीत, परीक्षा लांब, पाऊस नाही. डॉक्टरनी दर काही आठवड्यांनी थोडं थोडं उतरवलं, ताई वही लिहीत होती, भावजी विश्वास ठेवत नव्हते. अर्ध्या डोसला आल्यावर मारणं परत वाढलं, आठवड्यात दोनवरून नऊवर, दोन आठवडे थांबून बघितलं, नाही उतरलं, मग डॉक्टरनी एक पायरी परत चढवली आणि तिथेच ठेवलंय. आधीच्या डोसच्या दोन तृतीयांशावर. वजन थांबलंय, जुनी पँट काही बसत नाही ती नाहीच.